बंदराची परीक्षा निघण्याच्या दिवशी

वाढवण बंदराला ७६ हजार कोटी रुपये लागणार, हे आता शाळकरी पोरालाही पाठ झालं आहे. किती लाख कंटेनर उतरतील, किती खोल पाण्यात जहाज लागेल, जगातल्या पहिल्या दहांत आपला नंबर येईल का, यावर चर्चा झडतात. झडू देत. मी उभी हयात मालवाहू जहाजांच्या इंजिनांत हात काळे करण्यात घालवली. मोठ्या बंदरांशी माझं वाकडं असण्याचं कारण नाही. पण बंदर बरं की वाईट हे जोखण्याची माझी रीत निवृत्तीनंतर बदलली. आता मी एवढंच बघतो, की पस्तीस-चाळीस फुटी शिडाच्या बोटीची हे बंदर पाठवणी कशी करतं.

ही रीत मला होर्ता नावाच्या गावानं शिकवली. अटलांटिकच्या मधोमध पोर्तुगालची अझोर्स बेटं आहेत, त्यांतल्या फायाल बेटावरचं हे बंदर. सगळ्या बेटाची वस्ती १४ हजारांच्या आसपास. समोर खाडीएवढ्या अंतरावर पिको बेटाचा २,३५१ मीटर उंच ज्वालामुखी, बहुतेक वेळा ढगात डोकं खुपसून बसलेला. कॅरिबियनहून युरोपला परतणाऱ्या शिडाच्या बोटी मे-जूनमध्ये इथं टेकतात, वर्षाकाठी हजारावर. १९८६ मध्ये सुरू झालेली मरिना त्यांना पुरत नाही. मग धक्क्याला एक बोट, तिच्या अंगाला दुसरी, दुसरीला तिसरी, अशा बांधून ठेवतात.

माझं तिथं जाणं झालं एका डच गणिताच्या मास्तरामुळे. रॉटरडॅमच्या गोदीत आमचं जहाज दुरुस्तीला लागलं असताना ओळख झाली आणि टिकली. निवृत्तीनंतर त्यानं अडतीस फुटी जुनी पोलादी बोट घेतली आणि नवरा-बायको अटलांटिक ओलांडून आले. परतीच्या वाटेवर होर्ताला बायकोचा गुडघा बोलू लागला, ती विमानानं घरी गेली. मास्तरानं मला फोन केला, ‘चीफ, इंग्लंडपर्यंत सोबत येतोस?’ तिसरी खलाशी त्याची भाची, रुग्णालयात परिचारिका. होर्ता ते फाल्मथ सुमारे १,२०० सागरी मैल. ताशी पाच मैलांची चाल धरली तर दहा दिवस, वारा रुसला तर जास्त. रेवदंड्याहून निघताना मी पिशवीत पाने-पक्कड घेतली आणि बायकोनं कुळथाचं पीठ घातलं.

मोठ्या जहाजावर निघण्याची तयारी कागदावर होते. खूण करा, सही करा, फाइल कप्तानाकडे. लहान बोटीवर प्रत्येक वस्तूला हात लावावा लागतो, कारण समुद्रात ती बिघडली तर दुरुस्त करणाराही आपणच. मी इंजिनापासून सुरुवात केली. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इंपेलर काढून वाकवून पाहिला, पात्यांच्या मुळाशी भेगा दिसल्या, नवा बसवला. डिझेलच्या टाकीच्या तळाचा गाळ बरणीत उतरवला, तो निवळ येईपर्यंत. बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाचा फ्लोट हातानं उचलून पंप आपोआप सुरू होतो का बघितलं. सुकाणूच्या तारांना ग्रीस, लाइफराफ्टच्या तपासणीची तारीख, आपत्कालीन रेडिओ बीकनची बॅटरी. भाचीनं औषधांची पेटी रिकामी करून पुन्हा भरली आणि समुद्र लागण्याच्या गोळ्या वरच्या कप्प्यात, हाताशी ठेवल्या.

मग डोलकाठी. साठी उलटलेल्या माणसाला दोराच्या पाळण्यात बसवून विंचनं वर ओढतात तेव्हा खालचे लोक जरा जास्तच हसतात. काठी उभी धरून ठेवणाऱ्या तारा एकोणीस धाग्यांच्या असतात. त्यांतला एखादा तुटला तर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून टिशू पेपरचा तुकडा तारेवरून सावकाश फिरवायचा. जिथं अडकेल तिथं गडबड. उजवीकडच्या वरच्या तारेवर, ती फिटिंगमध्ये शिरते तिथंच, कागद अडकला. बोटाच्या नखानं चाचपलं तर केसाएवढं टोक वर आलेलं. एक धागा तुटला होता, अठरा शाबूत होते. बंदरात उभ्या बोटीला त्यानं काही होत नाही. भर अटलांटिकमध्ये, काळ्या रात्री, जोराच्या वाऱ्यात एकाचे चार व्हायला वेळ लागत नाही, आणि मग काठीच आडवी.

गावातला रिगर, म्हणजे डोलकाठ्या आणि तारांचा कारागीर, आला, तार पाहिली आणि म्हणाला, एक बदलायची नाही, दोन्ही बदलायच्या. डावीनं उजवीएवढेच मैल काढलेत, आज ती धड दिसते एवढंच. मास्तर हिशेबी, त्यानं तोंड वाकडं केलं, पण गणिताच्या माणसाला हा युक्तिवाद खोडता आला नाही. रिगरनं मापं घेतली, तारा कापून आणल्या, काठीवर चढून बसवल्या. पैसे घेतले ते तारांचे आणि चढाईचे. त्यानंतर तासभर आमच्या टेबलाशी बसून हवामानाचा नकाशा उलगडला, त्याचे घेतले नाहीत. ‘कधी निघणार?’ ‘उद्या.’ ‘गुरुवारपर्यंत थांबा,’ एवढंच म्हणाला.

त्यामागे कारण होतं. अझोर्सच्या माथ्यावर उन्हाळ्यात हवेच्या उच्च दाबाचं क्षेत्र तळ ठोकून असतं. त्याच्या मध्यात वारा मेलेला. फाल्मथ ईशान्येला आहे म्हणून नाक तिकडे धरून निघालं की बोट या मृत वाऱ्यात अडकते आणि डिझेल जाळत बसावं लागतं. त्यामुळे जाणते लोक आधी सरळ उत्तरेला चढतात, पश्चिमेचे वारे गाठतात आणि मग उजवीकडे वळतात. तो दाबाचा डोंगर दोन दिवसांत दक्षिणेला सरकणार होता. नकाशा मास्तरालाही वाचता येत होता; पण निघण्याची घाई झालेल्या माणसाला थांबायला सांगणारं कुणीतरी लागतं, आणि त्या माणसाचं आपल्या जाण्यात काही अडकलेलं नसलं तर बरं.

थांबलेल्या दिवसांत आम्ही भिंत रंगवली. होर्ताच्या धक्क्याची भिंत, पायाखालची फरशी, पायऱ्या सगळं बोटींच्या चित्रांनी भरलेलं आहे. बोटीचं नाव, वर्ष, खलाशांची नावं, एखादा देवमासा, एखादं वेडंवाकडं शीड. चित्र न काढता जो जातो त्याला समुद्र सुखानं जाऊ देत नाही, असा तिथला समज. मास्तर देव मानत नाही, पण त्यानं सगळ्यांत आधी ब्रश हातात घेतला. नियम कुठं लिहिलेले नाहीत, तरी सगळे पाळतात: ताज्या चित्रावर रंग लावायचा नाही, ऊन-पावसानं पुसट झालेली जागा शोधायची. उरलेल्या रंगाचा डबा पुढच्या बोटीला द्यायचा. आम्हाला निळा रंग एका कॅनडाच्या बोटीनं दिला, आमचा पांढरा आम्ही ब्रिटनीहून आलेल्या जोडप्याला दिला. मी कोपऱ्यात एक कोकणी मचवा काढला. त्याचं शीड तिरकं का, हे येणारे-जाणारे विचारत राहिले आणि मी सांगत राहिलो.

अंधश्रद्धा म्हणून या भिंतीला हसणं सोपं आहे. मला तिच्यात शहाणपण दिसलं. भिंत घासायची, पहिला हात द्यायचा, तो वाळायची वाट बघायची, पाऊस आला तर पुन्हा. यात दोन-तीन दिवस सहज जातात. तेवढ्यात तार बदलून होते, वारा फिरतो, आणि शेजारी ब्रश घेऊन उकिडवा बसलेला माणूस सांगतो की त्याच जातीच्या इंजिनाचा अमुक नळ त्याला समुद्रात नडला होता. थांब, घाई करू नकोस, हे गावानं कुणाला तोंडानं सांगावं लागत नाही. भिंत परस्पर सांगते.

बाकीची तयारी नेहमीची. बाजारातून न धुतलेली, फ्रिजमध्ये न ठेवलेली अंडी घ्यायची, कारण तीच टिकतात. रोज उलटी-सुलटी केली की आठवडे जातात. बटाटे, कांदे, लिंबं, शेजारच्या साव जॉर्ज बेटाच्या कडक चीजचा जाड तुकडा. पाणी माणशी रोज तीन लिटर आणि वर राखीव. ब्रिटन युरोपच्या शेंगेन क्षेत्राबाहेर, त्यामुळे निघण्याचा शिक्का हवा. युरोपीय पासपोर्टवाल्या दोघांचं काम चुटकीसरशी झालं, माझा भारतीय पासपोर्ट मागून-पुढून तपासला गेला. त्याची सवय आहे. सांगण्यासारखी गोष्ट वेगळी: मरिनाचं ऑफिस आणि कस्टम्सपासून पोलिसांपर्यंतचे सगळे एकाच आवारात. एक फाइल घेऊन सकाळी गेलो, जेवायच्या आत मोकळे. फाल्मथला कधी पोचू म्हणता, बोटीवर किती माणसं, हेही लिहून घेतलं. अझोर्सच्या समुद्रातलं शोध आणि बचावाचं काम पोंटा डेलगाडाच्या केंद्रातून चालतं. त्यांना शोधायची वेळ आलीच तर कुठं आणि कधीपासून शोधायचं, याचा हा पहिला कागद.

निघायची सकाळ. आमच्या बाहेरच्या अंगाला तीन बोटी बांधलेल्या. आतली बोट काढायची तर बाहेरच्यांना उठवावं लागतं, त्यांचे दोर सोडून पुन्हा बांधावे लागतात. म्हणजे इथं गुपचूप निघून जाण्याची सोयच नाही. आदल्या संध्याकाळी आम्ही प्रत्येक बोटीवर जाऊन वेळ सांगितली. प्रत्येकानं काही ना काही हातात ठेवलं. कुणी फाल्मथच्या नांगरवाड्याचा हातानं काढलेला नकाशा, कुणी केक, कुणी त्याच नंबरचा जादा इंपेलर. १९१८ पासून चालू असलेल्या पीटर कॅफेत खलाशांची पत्रं सांभाळून ठेवण्याची जुनी चाल आहे. मास्तर तिथं मागून येणाऱ्या एका मित्रासाठी चिठ्ठी ठेवून आला. सकाळी रिगर सायकलवरून आला आणि काही न बोलता नव्या तारांचा ताण हातानं दाबून पाहिला. मग ‘जा’ म्हणाला. दोर सुटले, तिन्ही बोटींनी भोंगे वाजवले.

पाहुण्या बोटीला देऊन पाठवायची या बेटाची जुनीच खोड आहे. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम १८९५ च्या जुलैमध्ये इथून निघाला तेव्हा लोकांनी त्याला फळं आणि पिकोचं पांढरं चीज दिलं. ते चीज आणि आलुबुखार त्यानं इतके हाणले की पोट धरून केबिनमध्ये आडवा झाला, आणि तापाच्या भरात कोलंबसाच्या ‘पिंटा’ जहाजाचा सुकाण्या आपली बोट हाकतो आहे असं त्याला दिसलं. बोट मात्र सरळ चालली होती.

आता माझं म्हणणं. निरोप हा तयारीचा शेवटचा आणि सगळ्यांत दुर्लक्षित भाग आहे. भावनेचा भाग वेगळा; मी इंजिनिअर म्हणून बोलतो आहे. ज्या बोटीनं चार जणांना वेळ आणि वाट सांगितली, ती पोचली नाही तर चार जण विचारतात. जिच्या तारा गावातल्या माणसानं डोळ्यांनी पाहिल्या, तिला तो चुकीच्या हवेत जाऊ देत नाही. आपल्या कोळीवाड्यांना हे कुणी शिकवलेलं नाही. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्यांची डागडुजी होते, नारळी पौर्णिमेला सगळा वाडा किनाऱ्यावर येतो, आणि कोणती होडी कुणाच्या भरवशावर जाते हे म्हाताऱ्यांनाही ठाऊक असतं.

आधुनिक जहाजवाहतुकीनं नेमका हाच भाग उडवला. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कंटेनर जहाज धक्क्याला लागायचं ते जेमतेम दिवसभर. त्यात इंधन घ्यायचं, सुटे भाग घ्यायचे, पाहणी करणाऱ्यांना सामोरं जायचं. २००४ पासून बंदर-सुरक्षेचे जागतिक नियम आले. ते गरजेचे होते, पण काही बंदरांत फाटकापर्यंत जायलाही परवाने आणि महागडी गाडी लागू लागली. खलाशाला किनाऱ्यावर उतरू द्यावं हे आंतरराष्ट्रीय कामगार कराराच्या कलमांत लिहिलेलं आहे, प्रत्यक्षात तो इंधनाच्या पावतीवरून बंदराचं नाव वाचतो. ज्या बंदरात कुणाला भेटलोच नाही, तिथं निरोप कुणाचा घ्यायचा?

मोठ्या जहाजांचं हे गणित बदलणं अवघड आहे, मान्य. लहान बोटींचं तरी आपल्या हातात आहे की नाही? आम्ही जिथं चाललो होतो त्या फाल्मथहून १४ जून १९६८ रोजी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन निघाला आणि न थांबता, एकट्यानं पृथ्वीला फेरी मारून २२ एप्रिल १९६९ ला तिथंच परतला. असं करणारा तो पहिला. त्याची बत्तीस फुटी ‘सुहैली’ मुंबईत बांधलेली, सागवानाची. आज ती मुंबईला आली तर तिला गेटवेसमोर एखाद्या बोयाला बांधून, शेजारून जाणाऱ्या लाँचच्या लाटांत हेलकावत राहावं लागेल. धक्क्याला लागून नळाचं पाणी भरता येईल, काठी तपासून घेता येईल, असा हक्काचा कोपरा तिला मिळणार नाही. पावसाळ्याआधी तर तिथून हललंच पाहिजे.

आणि परक्या बंदरांचं आपल्यावरचं देणं? नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्याच्या दिवाडीत बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन या बंदरांनी त्यांना थारा दिला. २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’तून गेलेल्या नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना, २०२४-२५ मध्ये नौदलाच्याच दिलना आणि रूपा या दोघींनाही हीच बंदरं भेटली. २०१८ मध्ये ‘तारिणी’चं सुकाणू बिघडलं तेव्हा ठरलेल्या यादीत नसलेल्या मॉरिशसच्या पोर्ट लुईनं तिला आत घेतलं. पोर्ट स्टॅन्लीची वस्ती तीन हजारांच्या आसपास. तेवढ्या गावाला जमतं ते सातशेहून जास्त किलोमीटरच्या किनाऱ्याला जमू नये? कोचीनं बोळगाट्टीला मरिना करून निदान सुरुवात केली. आपल्या किनाऱ्यावरून तर परदेशी बोटी लांबूनच जातात. ईशान्येच्या वाऱ्यावर थायलंडकडून येणाऱ्या बोटी श्रीलंकेच्या गॉलला किंवा मालदीवला थांबतात.

याला दोन हरकती ठरलेल्या आहेत. पहिली सुरक्षेची, आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत अतिरेकी आले ते ‘कुबेर’ ही मच्छीमार बोट बळकावून, समुद्रातूनच. पण आडोशाला आलेल्या बोटीपेक्षा नोंद झालेली, धक्क्याला बांधलेली, स्वतःची ओळख आणि जागा सांगणाऱ्या एआयएस यंत्रणेवर दिसणारी बोट जास्त नजरेखाली असते. उपग्रह फोन आपल्याकडे परवान्याविना बाळगणं गुन्हा आहे, आणि लहान बोटीला भर समुद्रात तोच आधार. मग तो आल्याबरोबर सीलबंद करा, जाताना सील तोडून द्या. जहाजांवरच्या दारूच्या कोठारांना कस्टम्स वर्षानुवर्षं हेच करतं.

दुसरी हरकत: हे श्रीमंतांचे चोचले, त्यावर सरकारनं कशाला खर्च करायचा? होर्तात आमच्या बोटीच्या अंगाला बांधलेल्या बोटी मास्तरांच्या, सुतारांच्या, निवृत्त परिचारिकांच्या होत्या. बऱ्याच बोटी त्यांच्या मालकांएवढ्याच म्हाताऱ्या. त्यांचा पैसा रिगर, वेल्डर, शिडं शिवणारी बाई, धोबी, भाजीवाली यांच्याकडे गेला. आपल्याकडे लाकडी होड्या बांधणारे सुतार मालवणपासून वसईपर्यंत अजून आहेत, त्यांच्या हाताला काम कमी होत चाललं आहे. श्रीमंतांचे चोचले तेव्हा होतात, जेव्हा मरिनाच्या नावाखाली हॉटेल आणि दुकानांच्या रांगा उठतात आणि बोट बांधायला जागा शेवटी उरेल तेवढी. मरिनाच्या घोषणा मी नोकरीला लागल्यापासून ऐकतो आहे. त्यांत नळ कुठं बसवणार, हे मी अजून वाचलेलं नाही.

माझी मागणी छोटी आहे. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डानं मुंबईच्या दक्षिणेला एक सुरक्षित खाडी निवडावी. दहा बोटी लागतील असा तरंगता धक्का, गोड्या पाण्याचा नळ, दोन स्वच्छ स्नानगृहं. कस्टम्स, इमिग्रेशन आणि बंदर आरोग्य अधिकारी ठरलेल्या दिवशी एकाच खोलीत बसतील अशी व्यवस्था, आणि एजंट न नेमता भरता येईल असा एकच फॉर्म. गावातल्या चार पोरांना तारा आणि शिडं दुरुस्त करण्याचं शिक्षण. ऑक्टोबर ते मे, एवढा एकच हंगाम चालवून पाहावं. रंगवायला भिंत आपोआप सापडेल. आणि एकही परदेशी बोट आली नाही तरी तोटा नाही. धक्का आणि नळ तिथल्या मच्छीमारांना लागणारच आहेत, त्यांनी तर ते कधीपासून मागितले आहेत.